सहा मीटरच्या घरात पलंग मांडूनच ठेवावा

युरोपात मोटरहोम म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये एक माप पुन्हा पुन्हा भेटतं. लांबी ५.९९ मीटर, रुंदी २.०५ मीटर. हे फियाटच्या डुकाटो या मालवाहू व्हॅनचं माप आहे, आणि तिची जुळी भावंडं शोभतील अशा प्यूजो बॉक्सर व सिट्रोएन जंपर यांचंही. चालकाची केबिन सोडली की मागे उरतो तो माल भरायचा डबा, ३.७ मीटर लांब आणि आतून जिथे सर्वात ऐसपैस तिथे १.८७ मीटर रुंद. म्हणजे जेमतेम सात चौरस मीटर, आपल्या हिशेबाने पाऊणशे चौरस फूट. एवढ्यात दोन माणसांचा ओटा, फ्रिज, संडास-न्हाणी, जेवायचं टेबल, कपाटं, पाण्याच्या टाक्या आणि झोपायची सोय बसवायची असते. या पाऊणशे फुटांतले अठ्ठावीस-तीस फूट आज बहुतेक कारखानदार अशा वस्तूला देऊन टाकतात, जी दिवसाचे पंधरा-सोळा तास रिकामीच पडलेली असते. ती वस्तू म्हणजे मागच्या दारांना लागून आडवा बसवलेला कायमचा पलंग.

पहिल्या नजरेत ही उधळपट्टी वाटते. जागा इतकी कमी असताना तिचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा तुकडा फक्त झोपेसाठी अडकवून ठेवायचा, त्यापेक्षा दिवसा बाक आणि रात्री बिछाना होईल अशी दुहेरी सोय शहाणपणाची नाही का? कागदावर हा प्रश्न बिनतोड आहे. पण तो एक गोष्ट गृहीत धरतो, की छोट्या मोटरहोममध्ये सगळ्यात दुर्मिळ असते ती जागा. माझ्या मते तिथेच गल्लत होते. चार दिवसांच्या सहलीत जागा कमी पडते हे खरं, पण जिथे महिना-दोन महिने राहायचं आहे तिथे टंचाई भासते ती वजनाची, पाण्याची आणि रोजच्या उठाठेवीची. या तिन्हींचा हिशेब मांडला तर कायमचा पलंग ही चैन राहत नाही. उलट छोट्या गाडीला घरपण देणारी सगळ्यात स्वस्त गोष्ट तीच ठरते.

मोडून-जोडून बिछाना करायची पद्धत आली कुठून, हे आधी पाहायला हवं. हौसेखातर चाकांवरचं घर घेऊन फिरणं जुनंच आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टर-लेखकाने १८८५ मध्ये ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी बांधून घेतली आणि इंग्लंडमधून थेट इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. १९३१ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या इस्नी गावी आरिस्ट डेथलेफ्स यांनी मोटारीमागे जोडायचं छोटं घर बनवलं. त्यांच्या घरचा व्यवसाय चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवण्याचा, त्यासाठी गावोगाव हिंडावं लागे आणि चित्रकार असलेल्या आपल्या भावी पत्नीला बरोबर न्यायचं होतं. पण आजच्या छोट्या मोटरहोमचं कूळ शोधायचं तर १९५१ सालाकडे जावं लागतं. त्या वर्षी जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसेल असा ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. आठवडाभर व्हॅनने धंद्याचा माल वाहायचा, सुटी लागली की पेटी आत चढवायची, गाद्या पसरून झोपायचं आणि सोमवारी सगळं काढून ठेवायचं. युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या देशात एकाच गाडीने दोन कामं करावीत हे अगदी योग्य होतं. मोडता-जोडता बिछाना जन्मला तो या दुहेरी गाडीच्या गरजेतून. आजच्या मोटरहोमने सोमवारी बटाट्याची पोती वाहायची नसतात, तरी ती सवय आखणीत बराच काळ टिकून राहिली.

ती मोडली एका तांत्रिक कारणाने. १९८१ मध्ये आलेल्या डुकाटोचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लोखंडी दांडा नसल्यामुळे जमीन खाली ठेवता येते आणि गाडी फार उंच न करता आत माणूस ताठ उभा राहू शकतो. शिवाय या व्हॅनच्या भिंती बऱ्यापैकी उभ्या आहेत, वर जाताना फारशा आत कलत नाहीत. त्यामुळे मध्यम उंचीचा माणूस तिच्यात आडवा, म्हणजे एका भिंतीकडे डोकं आणि दुसऱ्या भिंतीकडे पाय करून झोपू शकतो. सगळी किमया या आडवेपणात आहे. उभा पलंग टाकला तर लांबीतले दोन मीटर जातात, आडव्याला १.३ ते १.४ मीटर पुरतात. वाचलेल्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये न्हाणीघर बसतं. ज्या व्हॅन यापेक्षा अरुंद असतात, त्यांना आडवा पलंग बसवण्यासाठी बाहेरच्या पत्र्याला फुगवटे जोडावे लागतात.

आणि हा पलंग जमिनीवर टेकलेला नसतो, चांगला मांडीच्या वर असतो. त्याच्याखाली मागच्या दारांतून उघडणारी खोल डिक्की तयार होते. खुर्च्या, वीज घ्यायची लांब केबल, पाण्याचा पाइप, चिखलाचे बूट, कांदे-बटाटे, घडीची सायकल असं सगळं तिथे जातं. अनेक गाड्यांत पिण्याच्या पाण्याची टाकी आणि हीटरही याच पेटीत मागच्या चाकांच्या कमानींजवळ बसवलेले असतात. म्हणून जमिनीचा तिसरा हिस्सा पलंगाने खाल्ला, हा आरोप अर्धाच खरा. जमीन त्याने कोठीघराला दिली आणि स्वतः फक्त वरची हवा घेतली. बिछाना मोडता-जोडता असता तर हे कोठीघर वेगळं करावं लागलं असतं, नाही तर तेच सामान पायांत आलं असतं.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक आक्षेप येणारच, आणि तो वजनदार आहे. गिरगाव-लालबागच्या चाळींतल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले ते पलंगावर नव्हे. रात्री अंथरुणं पडत, सकाळी वळकट्या भिंतीशी किंवा पोटमाळ्यावर जात आणि तीच जमीन स्वयंपाकाला, अभ्यासाला, पाहुण्यांना मोकळी होई. मग सात-आठ माणसं तशी राहिली तर दोघांना सहा मीटरच्या गाडीत पलंग कशाला? पण चाळीतल्या त्या खोलीची खरी श्रीमंती होती सलग मोकळी जमीन, आणि शिवाय बाहेरची गॅलरी. सतरंजी कुठेही पसरता येई. व्हॅनमध्ये मोकळी जमीन म्हणजे ओटा आणि न्हाणीघर यांच्यामधला अर्ध्या मीटरचा बोळ. तिथे एक माणूससुद्धा नीट झोपणार नाही. त्यामुळे इथला मोडता-जोडता बिछाना वळकटीसारखा पसरत नाही, तो तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो. दुसरं असं की चाळीत ते रोजचं अंथरूण-आवरण फुकट होत नव्हतं. त्याचे कष्ट कुणाच्या तरी वाट्याला येत, बहुतेक घरांत बाईच्याच. कष्ट दिसत नाहीत म्हणून ते नसतात असं नाही, आणि घराची आखणी करताना तेही मोजायला हवेत.

ते कष्ट नेमके काय असतात ते जवळून पाहू. रात्री जेवण झालं की टेबलावरचं सगळं ओट्यावर हलवायचं, आणि ओटा खरकट्या भांड्यांनी आधीच भरलेला असतो, म्हणून आधी भांडी. मग टेबलाचा पाय बुडाच्या खोबणीतून उपसायचा, फळी बाकांच्या कडेला असलेल्या पट्ट्यांवर उतरवायची. मधली फट पाठीच्या गाद्यांनी भरायची. या गाद्यांचा क्रम ठरलेला असतो, एक चुकली की शेवटची तिरकी बसते आणि रात्रभर कमरेखाली खाच लागते. वरच्या कप्प्यातून उशा, रजया, चादर काढायची, आणि ती अंथरताना आपण उभं राहणार त्याच गाद्यांवर गुडघे टेकून. बाकाखालच्या कप्प्यात औषधाची पेटी राहिली असेल तर ती सकाळपर्यंत तिथेच. पोळीचे कण शिवणींत अडकतात ते आधी झटकायचे. सकाळी चहाच्या आधी हे सगळं उलट क्रमाने. सराव असला तरी प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि दोघांपैकी एकाला त्या वेळात दारात किंवा चालकाच्या सीटवर जाऊन बसावं लागतं. उन्हाळ्यात जर्मनीतल्या एखाद्या तळ्याकाठी हे गमतीचं वाटतं. नोव्हेंबरच्या पावसात, ओले कोट टांगलेले असताना, ती गंमत उरत नाही.

यातून निघणारी खरी अडचण वेळेची नसून सक्तीच्या एकमताची आहे. बिछाना एकच आणि तोच दिवसाची बैठक, म्हणजे दोघांनी एकाच वेळी झोपायचं आणि एकाच वेळी उठायचं. एकाला ताप आला तर दुसऱ्याला बसायला जागा नाही. एकाला पहाटे पाचला जाग येते, दुसऱ्याला रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर काम असतं, आणि जोडीने प्रवास करणाऱ्यांत असे स्वभाव एकत्र येणं मुळीच दुर्मिळ नाही. कायमच्या पलंगाची गाडी इथे एका खोलीच्या दोन खोल्या करते. चालकाची आणि शेजारची सीट मागे वळते, मध्ये अर्धं टेबल आणि एक बाक मिळून पुढे बसायची खोली होते. मागे पडदा ओढला की झोपायची खोली. मध्ये ओटा आणि न्हाणीघर यांचा दोन-अडीच हातांचा पट्टा, तोच पॅसेज. दुपारी पाऊस लागला तर एक जण मागे आडवा होऊन वाचतो, दुसरा पुढे भाजी चिरतो. पाऊणशे फुटांत ही मोकळीक मोडत्या-जोडत्या बिछान्याच्या गाडीला देता येत नाही, मग तिचं बाक कितीही लांबलचक असो. बसायची जागा किती चौरस फूट हे विक्रेता सांगतो. दोन माणसं एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी करू शकतात का, हे विचारणारं गिऱ्हाईक मात्र विरळच.

आता वजनाकडे. युरोपात मोटारीच्या साध्या, बी वर्गाच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते. ब्रिटनमध्येही १ जानेवारी १९९७ नंतर परीक्षा दिलेल्यांना हीच मर्यादा आहे, त्याआधीच्यांना साडेसात टनांपर्यंत मुभा आहे. मोटरहोम किती भारी आहे हे कागदावर ‘चालू स्थितीतलं वजन’ म्हणून लिहिलेलं असतं. त्यात ७५ किलोचा चालक, ९० टक्के भरलेली इंधनाची टाकी, गॅस आणि पाणी धरलेलं असतं. पण प्रवासात टाकीत किती पाणी धरायचं हे कारखानदार ठरवतो, आणि शंभर लिटरच्या टाकीत वीसच लिटर धरलेले असू शकतात. समजा कागदावर २,९०० किलो आहेत. उरले सहाशे. दुसऱ्या माणसाचे ७५ गेले, ५२५. बाहेर ओढायचा कापडी मांडव, जादा बॅटरी, छतावरचं सौर पॅनेल, सायकलींचा स्टँड आणि विजेवर चालणाऱ्या दोन सायकली मिळून सव्वाशे-दीडशे किलो सहज होतात. टाकी काठोकाठ भरली की आणखी ८०. राहिले साधारण तीनशे, आणि त्यात दोन माणसांचे कपडे, भांडी, किराणा, अंथरूण-पांघरूण, खुर्च्या, हत्यारं बसवायची. जमतं, पण पोरांसकट चौघं म्हटलं की गाडी काठावर येते. कायदा तर याहून उदार आहे. सामानासाठी किमान किती भारक्षमता शिल्लक ठेवावी याचं युरोपातलं सूत्र असं, की चालकासकट सीटांची संख्या आणि गाडीची मीटरमधली लांबी यांची बेरीज करून तिला दहाने गुणायचं. चार सीट आणि सहा मीटर म्हणजे अवघे शंभर किलो. चार माणसांच्या महिनाभराच्या बिऱ्हाडाला ते कुठे पुरणार?

पलंगाचा या हिशेबाशी संबंध असा, की लाकडी पट्ट्या आणि फोमची गादी यांच्याइतकं हलकं फर्निचर दुसरं नाही. जागा वाचवण्याच्या नादात लोक ज्या युक्त्या घेतात त्या मात्र जड असतात. छतात जाऊन बसणारा आणि रात्री खाली उतरणारा पलंग घ्या. तो दिसायला देखणा, आणि दिवसा खाली सोफा मोकळा ठेवतो. पण त्याला पट्टे, मार्गदर्शक खोबणी, बहुधा मोटर लागते, हे सगळं वजन छताजवळ जातं, तिथे डोक्यावरची कपाटं करता येत नाहीत आणि यंत्रणा अडली तर झोपायचं कुठे हा प्रश्न उभा राहतो. मुलं बरोबर असतील तर तो पलंग नक्कीच उपयोगी, आणि अशा कुटुंबाला मी कायमच्या आडव्या पलंगाची गाडी घ्या म्हणणार नाही. तिथे माझा युक्तिवाद लागूच होत नाही. हे दोघांचं घर आहे, फार तर दोघं आणि एक लहान मूल.

पाण्याचं गणितही दोघांपुरतंच बसतं. शंभर लिटर म्हणजे घरातल्या पाच-सहा बादल्या. त्यात भांडी, हात-तोंड, स्वयंपाक आणि आटोपशीर अंघोळी धरून दोघांचे तीन दिवस निघाले तर पुष्कळ. संडासाची खालून ओढून काढायची टाकी सतरा-अठरा लिटरची असते, ती दोन-तीन दिवसांत भरते आणि हाताने नेऊन रिकामी करावी लागते. म्हणून मोटरहोमच्या स्वातंत्र्याबद्दल जे काही छापून येतं ते सावधपणे वाचावं. ही गाडी दर तिसऱ्या दिवशी कुठल्या तरी नळाशी आणि कुठल्या तरी गटाराच्या झाकणाशी बांधलेली असते. जर्मनीत नगरपालिकांनी मोटरहोमसाठी राखलेले थांबे, ज्यांना तिथे श्टेलप्लाट्झ म्हणतात, आणि फ्रान्समधले तसेच ‘एर’ नसते तर हा छंद एवढा फोफावलाच नसता. तिथे थोडक्या पैशांत, कधी फुकट, रात्र काढता येते, पाणी भरता येतं आणि मैला योग्य ठिकाणी ओतता येतो. ‘फ्रान्स पॅसिओं’ या योजनेत तर द्राक्षमळ्यांचे मालक आणि शेतकरी सभासदांना आपल्या आवारात एक रात्र मोफत राहू देतात. अट अशी, की गाडीत स्वतःचा संडास आणि सांडपाण्याची टाकी हवी.

गावकऱ्यांचा राग हा यातला सर्वात प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. समुद्रकाठच्या छोट्या गावात उन्हाळ्यात पन्नास गाड्या उभ्या राहिल्या की वाट अडते, कचरा वाढतो, आणि गावाला त्यातून मिळतं फार थोडं. पोर्तुगालने २०२१ मध्ये राखीव जागेबाहेर रात्र काढण्यावर कडक बंदी आणली होती, पुढे त्याच वर्षी ती काहीशी सैल केली. आटोपशीर गाडीनेही हा प्रश्न सुटत नाही, कारण पाच मीटरच्या पार्किंगमध्ये ५.९९ मीटरची गाडीही मागून बाहेर डोकावतेच. पण दोन मीटर रुंदीची व्हॅन आणि सव्वादोन-अडीच मीटर रुंदीची, मागे पेटीसारखं घर बांधलेली गाडी यांत गावातल्या गल्लीच्या दृष्टीने मोठा फरक आहे. आणि वागणुकीतही फरक पडतो. जर्मनीत थकलेल्या चालकाने पुन्हा चालवण्याजोगं होण्यासाठी रस्त्याकडेला एक रात्र गाडीत झोपणं चालतं, पण खुर्च्या-टेबल बाहेर मांडले, मांडव ओढला की ते कॅम्पिंग ठरतं आणि त्याला परवानगी लागते. ज्या गाडीत पलंग मांडलेलाच आहे, तिच्यातली माणसं येतात, पडदा ओढतात आणि झोपतात. जागा करण्यासाठी त्यांना सामान बाहेर काढावं लागत नाही.

कायमच्या पलंगाचे दोष मात्र स्पष्ट सांगायला हवेत. पहिला उंचीचा. आतलं अस्तर आणि थर धरून आडव्या पलंगाची लांबी गाडीच्या आतल्या रुंदीपेक्षा जास्त होऊ शकत नाही, आणि एका कडेला तो निमुळता असतो. सहा फुटी माणसाला तिथे रोज पाय आखडून झोपावं लागेल. त्याने ६.३६ मीटर लांबीची, उभ्या पलंगांची गाडी घ्यावी हे उत्तम, फक्त नॉर्वेसारख्या ठिकाणी फेरीबोटीचं भाडं सहा मीटरच्या पुढे वरच्या टप्प्यात जातं हे ध्यानात ठेवावं. दुसरा दोष रात्रीचा. दारांच्या बाजूला झोपणाऱ्याला उठायचं झालं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं, आणि उतारवयात हे क्षुल्लक नाही. तिसरा दोष ओलीचा, आणि त्याबद्दल विक्रेते सर्वात कमी बोलतात. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्धा-एक लिटर पाणी हवेत सोडतात. पलंग मागच्या पत्र्याच्या दारांशी असतो, थंडीत तो पत्रा सर्वात गार, त्यामुळे ओल तिथेच आणि गादीच्या खालच्या अंगाला धरते. रोज मोडला जाणारा बिछाना आपोआप वाळतो, कायमचा पलंग वाळत नाही. म्हणून गादीखाली सलग प्लायवुड असलेली गाडी नाकारावी, लाकडी पट्ट्या किंवा प्लास्टिकच्या स्प्रिंग-चकत्या असाव्यात, आणि सकाळी गादीची कड उचलून खालून हवा खेळू द्यावी.

हिवाळ्यात याच पलंगाची भरपाईही दिसते. म्युनिकजवळच्या ट्रूमा कंपनीचा ‘कॉम्बी’ हा हीटर अशा गाड्यांत फार आढळतो. तो हवा तापवतो आणि पोटातल्या टाकीत दहा लिटर पाणीही. गारठा वाढून तापमान सुमारे तीन अंशांवर आलं की त्याची झडप स्वतःहून उघडते आणि गोठून फुटण्याआधी ते पाणी बाहेर सोडून देते. हीटर आणि स्वच्छ पाण्याची टाकी पलंगाखालच्या बंदिस्त पेटीत असली की सगळी धडधडती व्यवस्था एका उबदार कोठीत राहते आणि गादीला खालून ऊब मिळते. सांडपाण्याची टाकी सहसा गाडीच्या पोटाखाली उघड्यावर असते, गोठण्याचा धोका तिला जास्त. गॅसवर हीटर चालवणाऱ्यांनी थंडीत प्रोपेनच भरावा. तो उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो, ब्युटेन शून्याच्या आसपासच हार मानतो.

पैशांचा आक्षेप शेवटी येतो, कारण त्याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. वर्षातून तीन आठवडे फिरायचं असेल तर नवी गाडी घेणं परवडत नाही. तेवढ्या पैशांत अनेक वर्षांची हॉटेलं होतील. जर्मनी-ब्रिटनमध्ये नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांसाठी भाड्याची गाडी हाच मार्ग, आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून इकडेही हा प्रकार कानावर येऊ लागला आहे, पण आपल्याकडची गाडी बहुधा चालकासह येते आणि तिच्यातली झोपण्याची गणितं वेगळी. युरोपीय संघाने २०२५ मध्ये परवान्याचे नवे नियम मंजूर केले. त्यांत जादा प्रशिक्षण किंवा परीक्षेनंतर ४.२५ टनांपर्यंतची मोटरहोम बी वर्गावर चालवता येण्याची सोय आहे. ती त्या-त्या देशाच्या कायद्यात उतरायला काही वर्षं जातील, आणि उतरल्यावर कारखानदार गाड्या मोठ्या करू पाहतील. वजनाची अडचण त्याने सैलावेल. गल्लीची रुंदी आणि फेरीचं भाडं तसंच राहील.

भाड्याने किंवा विकत घेताना दोघांनी मिळून करायच्या परीक्षा साध्या आहेत. बूट काढून दोघांनी पलंगावर एकाच वेळी आडवं व्हावं आणि आतल्याने बाहेरच्याला न उठवता उतरून पाहावं. गादी उचलून खाली पट्ट्या आहेत की फळी ते बघावं. एकाने झोपलेलं असताना दुसऱ्याने पुढे टेबलावर बसून, ओट्याचा खण उघडून, न्हाणीघरात जाऊन यावं. कागदावरच्या वजनात किती लिटर पाणी धरलं आहे ते लिहून घ्यावं. आणि पहिल्या लांबच्या प्रवासाला निघण्याआधी, टाकी भरून, सामान चढवून, दोघांनी आत बसून गाडी वजनकाट्यावर न्यावी. पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलून घ्यावा, कारण पलंगाखालची डिक्की मागच्या चाकांवर आणि त्यांच्याही मागे येते, आणि एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस तेवढा ओलांडून जाऊ शकतो.